चिंचेने घासलेली काडतुसं

आमच्या घरात काडतुसं तांदळाच्या डब्यात असत. यात काही विचित्र आहे, हे मला बरीच मोठी होईपर्यंत कळलं नव्हतं. खाडीकाठची हवा अशी की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी ऐन वेळी दगा देते आणि पितळेला आठवड्याभरात हिरवा बुरा चढतो. तेव्हा काडतूस कोरडं ठेवायला कोरड्या तांदळाइतकी चांगली जागा दुसरी नाही, असं बाबांचं म्हणणं. एकदा आत्याने आधणात तांदूळ वैरले आणि त्यांच्याबरोबर एक काडतूसही भांड्यात पडलं. आत्या ओरडत अंगणात पळाली. बाबांनी शांतपणे पळीने ते बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि "याचा आता भरवसा नाय" म्हणून बाजूला ठेवलं. तो भात आम्ही टाकला की खाल्ला, आठवत नाही. आत्याचा स्वभाव बघता खाल्लाच असणार.

आमचं गाव बेलापूरच्या जवळ. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये भातशेती. आई माझ्या लहानपणीच गेली. बाबांची थोरली बहीण विधवा होऊन एकटी होती, ती आमच्याकडे राहायला आली आणि तिनेच मला वाढवलं. बाबा तिला बाय म्हणायचे. मी वाशीला शाळेत शिकवायला लागले होते, लग्न ठरत नव्हतं, आणि ते का ठरत नाही याचं आत्याकडे एकच उत्तर होतं: "पोरगी लय इचारते." ते खरं होतं. आलेल्या पाहुण्याला मी त्याच्या नोकरीत नेमकं काय करावं लागतं ते खोदून खोदून विचारायचे, आणि पाहुणा पोहे अर्धे टाकून उठायचा.

बाबांकडे रायफल होती. डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत भाताचं खळं करायची, म्हणून पीक राखायला तिचा परवाना. गावात त्यांना बंदूकवाले म्हणत. मी शाळेत शिकत असताना शिकारीचा कायदा आला आणि सांबर, भेकर यांचं नाव काढायचं नाही असं झालं. डुक्कर तेवढं, तेही पिकात शिरलं तर, दरवर्षी जंगल खात्याचा कागद आणून. बाबांनी कायदा निमूट पाळला. पण बोलायला कायद्याची आडकाठी नव्हती, आणि त्यांना बोलतं करायला मला आवडायचं.

मला बंदुकीपेक्षा काडतुसांचं कुतूहल जास्त. बंदूक काय, एक नळी. सगळी करामत त्या बोटभर पितळेत. बाबा दोन जातींची काडतुसं आणायचे. एकीच्या गोळीचं टोक उघडं, शिशाचं, काळपट. दुसरीची गोळी टोकापर्यंत तांब्याने मढवलेली. पहिलीला ते बोडकी म्हणत, दुसरीला टोपीवाली. बोडकी जनावराच्या अंगात शिरली की टोकाला फुटून पसरते, मोठं भोक पाडते आणि तिथेच अडकते. टोपीवाली सरळ आरपार जाते. मग चांगली कुठली? हा प्रश्न मी दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने विचारायचे, कारण उत्तर दर वेळी वेगळं असायचं.

"जनावर बगून ठरवावा," बाबा म्हणायचे. भेकराला बोडकी मारली तर अर्धं मांस फुकट जायचं. सांबराची हाडं जाड, त्याला आत खोल जाणारी हवी. आणि डुकराचं काही विचारूच नका. जुन्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कूर्चेची ढाल असते, बोडकी गोळी तिथेच पसरून थांबते आणि जखमी डुक्कर तुमच्याकडे वळतं. म्हणून बाबा डुकराला टोपीवालीच वापरायचे. ती आरपार गेली तर कुठे जाणार? पुढे खाडी. तिथे बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं.

नवी काडतुसं आणली की बाबा ताट उपडं करायचे, एका बाजूने किंचित उचलायचे आणि एकेक काडतूस त्यावरून घरंगळवायचे. सरळ असेल ते गुमान खाली येतं. कुठे चेपलेलं किंवा गोळी वाकडी बसलेली असेल तर ते डुगडुगतं, तिरकं जातं. डुगडुगणारी ते बाजूला काढायचे. कारखान्यात हजारोंनी निघालेल्या वस्तूंतसुद्धा एखादी डुगडुगणारी असते, हे मला फार आवडलं होतं. मी वर्गात मुलांना सांगितलंसुद्धा, आणि हेडबाईंनी मला बोलावून घेतलं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवं शहर आमच्या बांधापर्यंत आलं होतं. सरकारने शेतं घेतली होती, रस्ते आखले होते, कचेऱ्यांच्या आणि त्यात काम करणाऱ्यांच्या राहण्याच्या इमारती उभ्या राहत होत्या. आत्याच्या नवऱ्याची दोन शेतं होती. खाडीकडचं मोठं शेत आधीच गेलं आणि त्यावर चार मजली इमारत झाली. डोंगराकडचा तुकडा अजून ताब्यात घेतला नव्हता, पण नोटीस आली होती. या वर्षीचं भात काढा, पुढच्या वर्षी पेरू नका, एवढं स्पष्ट झालं होतं.

त्या तुकड्यातलं तांबडं भात हा आत्याचा जीव होता. तिची एकच इच्छा होती की कणगी एकदा गळ्यापर्यंत भरावी आणि अजून एक वर्ष घरचं खावं. रेशनच्या तांदळाला गोणपाटाचा वास येतो, आणि विकत आणून भात खायचा म्हणजे दुसऱ्याच्या दारात जेवायला बसल्यासारखं, असं ती म्हणायची. "मंग हायेच की जल्मभर," हे तिचं पालुपद. त्या पावसाळ्यात तिने लावणीपासून एकेक रोप असं सांभाळलं की शेजारणी हसायच्या. पीकही तसंच आलं. भाद्रपदात लोंब्या वाकल्या आणि त्याच आठवड्यात बांधाशी डुकरांनी उकरलेली माती दिसली.

बाबा म्हणाले, दसरा होऊ दे, दाणा भरला की ती रोज येतील, तेव्हा बसतो.

दसऱ्याला आमच्याकडे विळे, कोयते, नांगर, बंदूक सगळं धुऊन-पुसून पुजतात. काडतुसांचीही वाटी असते, त्यांनाही हळदकुंकू. आदल्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर अंगणात सुपामध्ये काडतुसं वाळत घातलेली. आणि काय चमकत होती! समई, ताम्हण, घंटी यांच्या पंगतीत, तशीच पिवळीधमक. आत्या हात पुसत बाहेर आली. हाताला चिंचेचा वास.

बाबा मागून आले आणि सुपाजवळ उभे राहिले.

"बाय, ये काय केलास?"

"काय केला? हिरवी पडलेली. देवासमोर काय तशीच ठेवाची? चिंचेत भिजवली, राख लावून घासली. बग कशी दिसतात."

"तू त्यांना आंगोळ घातलीस?"

"मंग? दसऱ्याला तू नाय करीत?"

बाबा हसले. मीही हसले. मग बाबा पायरीवर बसले आणि हसायचे थांबले. त्यांनी एक काडतूस उलटं करून मला बुडाची चकती दाखवली. घोडा तिथे आपटतो, तिथे ठिणगी पडते आणि दारू पेटते. चिंचेचं पाणी त्या चकतीच्या फटीतून आत गेलं असेल की नसेल? बाहेरून बघून सांगता येत नाही. ताटावरून घरंगळवूनही नाही. मला तर हा प्रश्न भलताच आवडला, मी चाळीसभर उपाय सुचवले असतील: उन्हात ठेवू, तांदळात पुरू, कानाशी हलवून बघू. बाबांनी शेवटी जे एकच करता येतं ते केलं. शेताच्या खालच्या बांधात, ओल्या मातीत, जवळून दोन काडतुसं उडवून बघितली. पहिलं धडाडलं. दुसरं टक् करून गप्प बसलं. गप्प बसल्यावरही बाबांनी नळी मातीवरच धरून ठेवली, बराच वेळ, कारण ओलसर काडतूस कधी कधी उशिराने पेटतं म्हणे. मग ते काढून टाकलं.

"म्हणजे बाकीची चांगली की वाईट?" मी विचारलं.

"ते उडवून बगितल्यावर कलंल," बाबा म्हणाले, "आनि उडवल्यावर राहतील कुटं?"

आत्याला हे समजायला संध्याकाळ लागली. समजल्यावर मात्र ती चुलीपुढे बसून राहिली. ज्या काडतुसांनी तिचं भात राखायचं ती तिनेच चिंचेत घातली होती. "माज्याच हातानं," एवढंच म्हणत राहिली. बाबांनी तिला हसवायचा प्रयत्न केला, म्हणाले, डुकराला मारायच्या आधी गोळी आंबट लागली असती. ती हसली नाही. मला तिची फार दया आली आणि तिचा रागही आला, कारण चिंचेला हात लावण्याआधी तिने कोणालाच काही विचारलं नव्हतं.

लखलखीत काडतुसं बाबांनी रीतसर पोलीस चौकीत जमा केली. तिथल्या हवालदाराने आयुष्यात इतकी सुंदर काडतुसं पाहिली नव्हती असं तो म्हणाला. परवान्यावर वर्षाच्या कोट्यातली मोजकी काडतुसं घ्यायची बाकी होती, ती घ्यायला आम्ही दोघं लाल डब्याने पूल ओलांडून मुंबईला गेलो. मी शाळेत आजारपणाची रजा टाकली. खोक्यावरचं इंग्रजी वाचायला मी सोबत हवी, असं निमित्त होतं. खरं म्हणजे ते काडतुसांचं दुकान मला बघायचं होतं.

दुकान कोटात, म्हणजे फोर्टात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. गल्ल्यावर एक म्हातारी पारशी बाई बसलेली. नवरा वारल्यापासून तीच दुकान बघायची. जाड भिंगाचा चष्मा, गुलाबी फ्रॉक, समोर विणायला घेतलेला लोकरीचा तुकडा. तिने परवाना उजेडात धरून वाचला आणि डॉक्टर विचारतात तसं विचारायला सुरुवात केली. जनावर कुठलं? किती लांबून? वर बसणार की खाली? उजेड किती? मी खूश झाले, इतके प्रश्न विचारणारी बाई मला आजवर भेटली नव्हती.

बाबांनी चिंचेची हकीकत सांगितली. ती विणकाम खाली ठेवून खो खो हसली. "अरे बावा, लोक काडतूस भिजवते, जाळते, चोरते. चिंच लावून चाटण्यासारखं कोण नाय केलं!"

मग तिने काचेवर दोन खोकी ठेवली. बोडकी आणि टोपीवाली. बाबांचा हात सवयीने टोपीवालीकडे गेला.

"पाठी काय हाय?" बाईने विचारलं.

"कुटं?"

"डुकराच्या पाठी. गोळी डुकरातून बाहेर येल, मग कुठे जाल?"

"खाडी," बाबा म्हणाले. ते वर्षानुवर्षं हेच सांगत आले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "नाय. आता बिल्डिंगा हायेत."

टोपीवालीचं खोकं बाईने उचलून मागे ठेवलं.

"मग बोडकी द्या," बाबा म्हणाले. "ती अंगात ऱ्हाते."

"देते. पण ऐक डीकरा. ही मऊ, ते डुकराला लागली तर. चुकली तर कुठली मऊ? ती पण तेवढीच लांब जाल. हवेला ठाऊक नाय कोण मऊ, कोण कडक."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. खोकं मांडीवर रुमालात बांधलेलं. मी पूल येईपर्यंत बोलत होते. सोपं आहे की, जागा बदलायची! इमारतीकडे पाठ करून बसायचं, म्हणजे डुकराच्या मागे डोंगर. डोंगरात शिरलेली गोळी कोणाला लागणार? बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वारा खाडीवरून येतो पोरी. मी तिकडं बसलो तर माजा वास पयला डुकराला जाल."

तरीही त्यांनी एक संध्याकाळ तसं बसून पाहिलं. ओहोळाच्या तोंडाशी डुकरं आली, फुसफुसली आणि मागे फिरली. बाबा उठून घरी आल्यावर ती पुन्हा उतरली आणि बांधाकडचा एक अख्खा चौकोन त्यांनी लोळवून टाकला. सकाळी आत्या त्या लोळलेल्या भातात बसून लोंब्या वेचत होती. चिखलातल्या लोंब्या ती ओच्यात घेत होती आणि आमच्याकडे बघत नव्हती.

मग दुसरा मार्ग. डोंगराच्या बाजूला, शेतात वास जाणार नाही अशा जागी, उंच माळा बांधायचा. उंचावरून खाली मारलं की चुकलेली गोळी चिखलात जाणार. बाबांनी बांबू आणून शिडीच्या दुप्पट उंचीचा माळा केला. वर बसून त्यांनी शेताकडे काठी रोखली आणि मी खाली भातात डुक्कर होऊन फिरले. जिथे माझ्या मागे चिखल दिसेल तिथे ते "हां" म्हणायचे. जिथे इमारत दिसेल तिथे "नाय". जवळजवळ सगळ्या शेतात हां आलं. फक्त पलीकडचा उंच बांध, आणि त्यालगतची पट्टी, तिथे नाय. आत्या हे सगळं काठावरून बघत होती. शेवटी म्हणाली, "डुकराला पन शिकवा, कुटं उबा ऱ्हायाचा."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाबा माळ्यावर चढले. मी हट्टाने बरोबर गेले. आत्याला घरी बसवलं होतं. वर बसल्यावर बाबांनी रुमालातून काडतुसं काढली, अंगठ्याने एकेकाचं टोक चाचपलं आणि भरली. शेत पिवळं होत आलं होतं, वास येत होता. मला भीती वाटत नव्हती, फक्त श्वास मोठ्याने ऐकू येतोय असं वाटत होतं.

डुकरं ओहोळातून उतरली. पुढे एक थोराड नर, मागे बाकीची. नर जरा थांबला, वास घेतला आणि सरळ पलीकडच्या उंच बांधावर जाऊन उभा राहिला. पूर्ण बाजू आमच्याकडे. इतका नीट की मलाही नेम लागला असता. त्याच्या पाठीमागे, बरोबर पाठीच्या रेषेवर, इमारतीत एक दिवा लागला. खिडकीत पिवळा उजेड आला, एक बाई इकडून तिकडे गेली.

बाबांनी बंदूक खांद्याला लावली होती. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. नर बांधावरून उतरला तर बरं, असं मी मनात म्हणत होते. तो उतरला, पण पलीकडच्या पट्टीत, आणि तिथेच खायला लागला. बाकीची त्याच्यामागे. बाबांनी बोट बाजूला घेतलं. शेवटी त्यांनी बंदूक मांडीवर घेऊन काडतूस काढलं आणि टाळ्या वाजवून, ओरडून डुकरं हाकलली. तोवर त्यांचं अर्धं जेवण झालं होतं.

गावात सगळे कान लावून बसले होते. बार झाला नाही, हे सगळ्यांना कळलं. घरी आलो तर आत्या दारातच उभी.

"पेटला नाय ना? माज्या चिंचेनं..."

"नवी व्हती बाय. मी मारला नाय."

"का?"

"पाठी दिवा व्हता."

आत्या चिडली की तिचा आवाज खाली जातो. "त्यो दिवा कुटं लागलाय तुना ठाव हाय? माज्या शेतात. माज्याच शेतात दिवा लावून माज्याच भाताला आडवा आलाय."

बाबा बंदूक घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. आत्याने नीट लुगडं नेसलं, मला म्हणाली चल, आणि आम्ही त्या इमारतीकडे निघालो. जिने चढायची तिला सवय नव्हती, ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून चढत होती. तिसऱ्या मजल्यावर तिने खिडकीचा अंदाज घेऊन दार वाजवलं. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईने. साताऱ्याकडची होती, नवरा कचेरीत कारकून. आत्या तिच्याशी भांडायला आली होती, पण दारात तिला शब्दच सुचेनात, म्हणून मी सांगितलं. डुक्कर, रायफल, माळा, दिवा.

"गोळी?" ती बाई भिंतीला टेकली. "इकडं?"

"इकडं नाही. इकडं येऊ नये म्हणूनच बाबांनी मारली नाही."

तिने आम्हाला आत घेतलं, चहा टाकला. तिला काय करू आणि काय नको असं झालं होतं. शेवटी म्हणाली, "आम्ही तिन्हीसांजेला मागच्या खोलीत बसू की. या खोलीत दिवाच लावणार नाही. आठ दिवस, पंधरा दिवस, भात निघंस्तोवर." आत्या खिडकीशी गेली होती. खिडकीजवळ छताच्या कडीला साडीचा पाळणा बांधलेला आणि त्यात तीन-चार महिन्यांचं मूल झोपलेलं. कडी त्या खोलीत एकच होती.

आत्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. आपलं शेत तिने कधी वरून बघितलं नव्हतं. "केवडासा हाय गो," ती मला म्हणाली. मग खाली बघून अंदाज घेतला, खोलीभर नजर फिरवली आणि त्या बाईला म्हणाली, "इथं खाली माजा खलं व्हता. तुजी मोरी आयली नेमकी त्याच्यावर." ती बाई गोंधळून हसली. आत्याही हसली, आणि पाळण्याला एक झोका देऊन निघाली.

त्या संध्याकाळी तिने घरी बसायला नकार दिला. मला ओढत माळ्यावर चढवावं लागलं तिला. बाबा, मी आणि ती, तिघं त्या बांबूंवर, माळा कुरकुरत होता. समोर इमारतीत सगळीकडे दिवे लागले, फक्त ती एक खिडकी काळी राहिली. बाईने शब्द पाळला होता. अगदी पाळला होता.

डुकरं आली. नर त्याच बांधावर गेला आणि तसाच उभा राहिला, जणू फोटो काढायचाय. मागे अंधारी खिडकी. बाबांनी बंदूक उचलली. बाबांना चुकताना मी क्वचितच बघितलं होतं, आणि अंतरही फार नव्हतं. मला आत्याच्या कणगीचं इतकं वाटत होतं की मी डोळे मिटले आणि बाराची वाट बघितली.

बार झाला नाही. डोळे उघडले तर आत्याचा हात नळीवर होता. जोर लावून नव्हे, नुसता ठेवलेला.

"नको रे," ती कुजबुजली. "दिवा इझवलाय. पालना थोडाच हलवलाय? कडी एकच हाय."

"मागच्या खोलीत हायेत ना ते?"

"पोर निजला असंल तर उचलतंय कोन?"

बाबांनी बंदूक खाली घेतली. ते मारणार होते की नाही, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. मी, जी सगळं विचारते. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत की ओरडलो नाही, का कोण जाणे. तिघंही बसून राहिलो. नर खात होता, मादी खात होती, पिल्लं लोंब्यांशी खेळत होती. आत्या रडत होती आणि मध्येच म्हणाली, "खातंय बग मेला, सासऱ्याच्या घरी आल्यावानी." मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने विळा काढला. अजून दहा-बारा दिवस भात उभं राहायला हवं होतं, दाण्यात पुरता कस आलेला नव्हता. पण डुकरांसाठी ठेवण्यापेक्षा हिरवट कापलेलं बरं, असं तिने ठरवलं. गावातल्या बायका आल्या, दोन दिवसांत उरलंसुरलं निघालं. गिरणीत नेलं तेव्हा व्हायचं तेच झालं. कोवळा दाणा गिरणीत टिकत नाही. गोणीत तांदूळ थोडा आणि कण्या जास्त.

त्या वर्षी आम्ही कण्यांचाच भात खाल्ला. मऊ, चिकट, पाहुण्यांना वाढायला लाज वाटावी असा. आत्याने कोणालाही त्याला कण्या म्हणू दिलं नाही. रेशनचा तांदूळ तिने उंबरठ्याच्या आत येऊ दिला नाही, आणि पुरवून पुरवून रांधत राहिली. तरी कणगी शिमग्याच्या आधीच खडखडीत झाली. शेवटच्या दिवशी तिने कणगीचा तळ हाताने झाडला, निघाल्या त्या कण्या शिजवल्या आणि आम्हा दोघांना वाढल्या. स्वतःच्या ताटात तिने सगळ्यात कमी घेतलं. बाबा ताटाकडे बघत बसले होते.

"जेव रे," आत्या त्यांना म्हणाली. "उद्यापासनं आपन पन बिल्डिंगवाल्यांवानीच. इकत आनून खायाचा."